साइड लोअरची गायिका

माझा कान फार चांगला आहे असं मी लहानपणापासून ऐकत आले, आणि दुर्दैवाने मी ते मनावर घेतलं. लखनऊला चारबागच्या रेल्वे कॉलनीत कुणाकडे पाहुणे आले की मला बोलावणं यायचं. काकू चमचा पेल्यावर वाजवायच्या आणि विचारायच्या, "मंजिरी, हा कुठला सूर ग?" मी ठोकून सांगायची. बरोबर की चूक हे तिथे कुणाच्या बापाला कळणार होतं? पण सगळे वा वा करायचे. अशी फुकटची वाहवा खाऊन वाढलेली मुलगी पुढे काय दिवे लावते, ते सांगते.

आमचा तिघींचा बँड आहे. नाव 'साइड लोअर'. रेल्वे इंजिनियरच्या मुलीने बँडचं बारसं केलं तर दुसरं काय नाव ठेवणार? मी बेस गिटार वाजवते. निगार ड्रम्स वाजवते. ती अस्सल लखनवी, शिवीसुद्धा 'आप' लावून देते. आणि सुरुची गाते. गाणी तीच लिहिते, चाली तीच लावते, गिटारही तीच वाजवते, म्हणजे खरं तर बँड तीच आहे आणि आम्ही दोघी तिच्यामागे उभ्या असतो. हे मी आज म्हणते. तेव्हा म्हणत नव्हते.

सुरुचीचं घर मूळचं सांगलीचं, वडील केंद्र सरकारच्या ऑफिसात, पण तिचा जन्म अलीगंजचा. घरात मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र अर्धं हिंदीत येतं. ती एका विमा कंपनीत नोकरी करते आणि रोज सकाळी जुन्या स्कूटरशी भांडत ऑफिस गाठते. त्याच भांडणातून तिने आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं लिहिलं, 'स्टार्ट हो जा'. "स्टार्ट हो जा, मेरी जान, नौ बज गए, सारा शहर निकल गया, हम रह गए." ऐकायला गंमत वाटते, पण सुरुची ते गायला लागली की स्कूटर राहते बाजूला आणि आपल्याच आयुष्यात काय काय सुरू व्हायचं राहून गेलं ते आठवतं. नेटवर अकरा हजार लोकांनी ते ऐकलं होतं. त्यातले सगळे काही निगारचे नातेवाईक नव्हते.

सराव आम्ही दर रविवारी सकाळी चिनहटला करायचो. तिथे निगारच्या मामूंचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना आहे. रविवारी तो बंद, त्यामुळे वरची कोठीची खोली आमची. कितीही आदळआपट करा, कुणी विचारत नाही. भिंतीला लागून बाहेर ट्रान्सफॉर्मर होता, तो दिवसरात्र गुणगुणायचा. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की तो आहे हेच विसरलो होतो.

तर, या जानेवारीत आम्हाला 'गुनगुनी धूप' या महोत्सवाच्या निवडीचं बोलावणं आलं. फेब्रुवारीत गोमती नगरच्या लॉनवर दिवसभर गाणी, चार हजार माणसं. आम्ही तोवर जास्तीत जास्त साठ जणांसमोर वाजवलं होतं. निवड चारबागजवळच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये होती. खुर्च्यांना आदल्या रात्रीचे लाल बो तसेच बांधलेले, आणि हवेत अजून पनीरचा वास.

विपुल नावाचे आयोजक होते, बोलायला अगदी साखर. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तीन ही लोग हैं, साउंड ख़ाली-ख़ाली लगेगा. हमारे प्रसाद जी कीबोर्ड पर साथ दे देंगे." प्रसाद भैया लग्नांच्या ऑर्केस्ट्रात पंधरा वर्षं वाजवणारा माणूस. त्यांनी गाणं आधीच ऐकून ठेवलं होतं, पट्टीही काढून ठेवली होती.

पहिल्या दोन ओळींतच काहीतरी बिनसलं. सगळं होतं जागच्या जागी, पण कानात खडा टोचावा तसं टोचत होतं. सुरुचीने कीबोर्डच्या सुराकडे सरकायचा प्रयत्न केला, मग ती आमच्याकडे परत आली, मग पुन्हा तिकडे गेली. बिचारी जुळवून घ्यायला बघत होती, आणि जितकं जुळवत होती तितकं उघडं पडत होतं. बँड बेसूर झाला की लोक गाणारीच्या तोंडाकडे बघतात. ड्रमवालीकडे कुणी बघत नाही, आणि बेसवालीकडे तर एरवीही कुणी बघत नाही.

गाणं संपल्यावर प्रसाद भैया माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मैडम, आपका कुछ चढ़ा हुआ है."

"तुमचाच कीबोर्ड उतरला असेल," मी फाडकन म्हणाले. हिंदीत म्हणाले, म्हणजे त्यांना नीट लागेल असं.

कीबोर्ड कधी उतरत नसतो. त्याला तारा नसतात, उतरणार काय? नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण माझ्यासारखीसाठीच कुणीतरी करून ठेवली आहे. प्रसाद भैया हात जोडून वायर गुंडाळायला लागले.

विपुलजींनी आम्हाला बाजूला बसवून चहा दिला. "गाना हिट है," ते म्हणाले. "लुक भी अच्छा है. बस वोकल ज़रा..." आणि सुरुचीकडे बघून गोड हसले. त्यांचा तोडगा तयार होता. गाणं ते स्टुडिओत नव्याने ध्वनिमुद्रित करणार, दुसऱ्या एका मुलीच्या आवाजात. स्टेजवर तो ट्रॅक वाजणार, आम्ही तिघींनी नुसता अभिनय करायचा. पुढच्या रविवारी याच हॉलमध्ये ट्रॅकवर तालीम. हो म्हटलं तर जागा पक्की.

"अपने ही गाने पर हम होंठ हिलाएँ?" निगार म्हणाली. "आप होश में तो हैं?"

विपुलजी अजूनच गोड हसले. म्हणाले, सोच लीजिए.

बाहेर आलो. रिक्षावाल्यांचा, हमालांचा, हॉर्नचा नुसता गदारोळ. सुरुची स्कूटरच्या किल्लीशी चाळा करत उभी होती. "सॉरी," ती म्हणाली. "मेरी वजह से झालं ना. आपण ट्रॅक करून घेऊ या. तुम दोनों का चान्स क्यों जाए?"

माफी ती मागत होती. आणि मी काय केलं? मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्या मनाने म्हणाले, "होतं ग कधीकधी. पण जरा घरी रियाज कर. सूर सुटतोय तुझा."

निगारने माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरीकडे बघितलं. सुरुचीने मान हलवली, हेल्मेट घातलं आणि गेली. ट्रॅकला मी हो म्हणाले. मला ते स्टेज हवं होतं, दुसरं काही कारण नाही. दोन विरुद्ध एक, निगार हरली.

बुधवारी विपुलजींच्या स्टुडिओतून एक फाइल आली. त्यात नुसता कीबोर्ड आणि ताल होता. मी घरी बसून त्यावर बेस वाजवून, रेकॉर्ड करून परत पाठवायचा, आणि मग त्या दुसऱ्या मुलीचा आवाज त्यावर चढणार. मी हेडफोन लावले, बेस नीट सुरात लावला आणि वाजवायला लागले.

टोचलं. रविवारी टोचलं होतं अगदी तसंच.

मी थांबले, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. हेडफोनमध्ये कोण कोण होतं? कीबोर्ड होता, ताल होता आणि मी होते. सुरुची नव्हतीच. सुरुची अलीगंजला तिच्या घरी होती, आणि तरीही गाणं बेसूर होतं.

मी बेसच्या मानेवर लावलेला ट्यूनर काढून हातात घेतला. ट्यूनर म्हणजे तार किती ताणायची ते दाखवणारी बोटभर चिमटी. जगभरातल्या वाद्यांचा एक ठरलेला आकडा असतो, चारशे चाळीस. तो धरून सगळे आपापलं वाद्य लावतात. माझ्या ट्यूनरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत चारशे एकोणपन्नास होतं.

आणि मग मला आठवलं. ते मीच केलं होतं. दीड वर्षापूर्वी, चिनहटच्या खोलीत पहिल्या महिन्यात. काही सूर वाजवले की खोलीत कुरकुर व्हायची, दात आंबावेत तशी. मी माझ्या थोर कानाने तारा थोड्या थोड्या चढवत नेल्या, आणि एका जागी कुरकुर थांबली, सगळं कसं गोड झालं. तो आकडा मी ट्यूनरमध्ये पक्का करून टाकला. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय, माझा कान होता ना! सुरुचीला फक्त ठणकावून सांगितलं होतं की तुझी गिटार माझ्याच ट्यूनरवर लावायची, तुझा स्वस्तातला आहे.

बाबा समोर मटार सोलत बसले होते. बाबा, म्हणजे विश्वास, रेल्वेत विजेचं काम बघतात. गाड्यांवरच्या तारा आणि त्यांना वीज देणारे ट्रान्सफॉर्मर यांत त्यांचा जन्म गेला. मी त्यांना विचारलं, "बाबा, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो कुठल्या सुरात?"

"शंभर," बाबा मान वर न करता म्हणाले. "वीज पन्नासची, तो दुपटीने थरथरतो. सेकंदाला शंभर वेळा. भुसावळला घ्या, लखनऊला घ्या, सगळीकडे शंभर."

"आणि तो आपल्या सुरांत बसतो?"

"ते तू सांगायचं. कान तुझा."

मी हिशोब केला. बसत नव्हता. जवळच्या सुरापेक्षा तो एका पट्टीचा तिसरा हिस्सा वर होता. म्हणजे दीड वर्ष आमचा अख्खा बँड मी एका ट्रान्सफॉर्मरच्या सुरात लावला होता. आम्ही तिघीच असायचो तेव्हा कुणाला कळायचं कारण नव्हतं, कारण सगळ्याच मिळून चढलेल्या होतो. कीबोर्ड आला आणि पितळ उघडं पडलं. आणि त्या हॉलमध्ये चूक ऐकू आल्यावर ती सुधारायचा प्रयत्न करणारी एकटी सुरुचीच होती. बेसुरी तीच ठरली.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते आधी पोट धरून हसले. मग माझं तोंड बघून थांबले. "मग आता इथे काय बसलीस?" ते म्हणाले. "अच्छा, गाडीची चावी टीव्हीवर आहे."

अलीगंजला पोचेपर्यंत मी मनात छान भाषण तयार केलं होतं, त्यात ट्रान्सफॉर्मरचं शास्त्र बरंच होतं आणि माझं नाव जरा मागे होतं. दार सुरुचीनेच उघडलं. तिचा आवाज बसला होता. गळ्याला मफलर, टेबलावर फोनमध्ये तंबोरा सुरू, बाजूला मुलेठीचा, म्हणजे ज्येष्ठमधाचा काढा.

"हे काय?" मी विचारलं.

"रियाज," ती म्हणाली. "तूने बोला था ना. सकाळी पाचला उठते. ऑफिसच्या आधी दो घंटे, नंतर दो घंटे. रविवारपासून."

माझं भाषण तिथेच मेलं. "सुरुची, तू बेसूर नव्हतीस. मी होते," मी म्हणाले, आणि मग उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. आकडा, कुरकुर, ट्रान्सफॉर्मर, प्रसाद भैयांना मी जे बोलले ते. रडू येत होतं पण रडले नाही. रडले असते तर तिने मला पाणी आणून दिलं असतं, आणि पुन्हा तीच मला सांभाळत बसली असती.

मग तिने फोनमधला तंबोरा बंद केला.

"मैंने तुझे सॉरी बोला था," ती म्हणाली. "और तूने ले लिया."

"हो."

"माझा सूर सुटतोय म्हणालीस. चार दिवस मी विचार करतेय की आता गाणं सोडून द्यावं का. आईला बोलले पण. तुला माहितीये, ट्रॅकवाल्या मुलीला मी स्वतः फोन करून गाणं शिकवलं? अपना गाना. फोन पे. कुठे श्वास घ्यायचा ते पण सांगितलं."

"माफ कर," मी म्हणाले. ते फार छोटं वाटलं, पण दुसरा शब्द कुठून आणणार?

"माफ-वाफ नंतर," सुरुची म्हणाली. तिला इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, बरं वाटलं. "रविवारी आपण जाणार. ट्रॅक नको. कीबोर्ड नको. तिघीच. आणि तू माइकवर सगळ्यांसमोर सांगणार कोणाची चूक होती. प्रसाद भैयाला पण."

"सांगते. आणि विपुलजी नाही म्हणाले तर?"

"तर नाही म्हणतील. लेकिन मेरे गाने में मेरी आवाज़. नाही तर गाणंच नाही."

रविवारी हॉलमध्ये आणखी चार बँड होते. विपुलजी पेनड्राइव्ह घेऊन साउंडवाल्याजवळ उभे. मी आधी प्रसाद भैयांकडे गेले, त्यांची माफी मागितली, आणि ट्यूनर चारशे चाळीसवर आणून त्यांच्या कीबोर्डशी एकेक तार ताडून घेतली. ते म्हणाले, "होता है बिटिया. उस दिन लगा था, पर आप ग़ुस्से में थीं." मग मी माइक हातात घेतला. गेल्या रविवारी जे बेसूर वाजलं ते माझ्यामुळे, मी वाद्यं चुकीची लावली होती आणि दोष आमच्या गायिकेवर जाऊ दिला, असं मी हिंदीत, सगळ्यांना समजेल असं सांगितलं. मागे कुणीतरी हसलं. हसू दे. हसण्यासारखंच होतं.

विपुलजी मात्र हसले नाहीत. "ये सब टेक्निकल बातें हैं, बेटा. पब्लिक को क्लीन आवाज़ चाहिए. ट्रैक बन चुका है, बेस भी हमने वहीं बजवा लिया."

सुरुची पुढे झाली. तिने गिटार स्टँडवर ठेवून दिली. "पहिलं कडवं मी एकटी गाते," ती मला म्हणाली. "काहीच नाही, न ताल न सूर. मग तू ये. जुळलं नाही तर सबको पता चल जाएगा कोण बेसूर आहे."

मी तिला बाजूला ओढलं. "वेडी आहेस का? दीड वर्ष मी तुला चढ्या सुरात गायला लावलंय. तेच गळ्यात बसलं असेल. निदान सुरुवातीला कीबोर्डचा सूर तरी घे."

प्रसाद भैयांनीही विचारलं, "सुर दूँ?"

"नको," सुरुची म्हणाली. विपुलजींना तिने तेवढंच सांगितलं, "एक बार सुन लीजिए. फिर जो कहेंगे."

आणि ती गायला लागली. एरवी आम्ही ते गाणं उड्या मारत वाजवतो. तिने ते संथ घेतलं. "स्टार्ट हो जा, मेरी जान, नौ बज गए..." आवाज थोडा घोगरा होता, चार दिवसांच्या रियाजाने घासलेला. हॉलमध्ये खुर्च्या सरकवणारे थांबले. निगार काठ्या मांडीवर ठेवून खाली बघत होती. मी बेसवर बोट ठेवून उभी होते. माझा बेस आता खरा होता, त्यात शंका नव्हती. ती केसभर जरी वर असेल, तर माझा पहिला सूर तिला सगळ्यांसमोर खोटी पाडणार होता. दुसऱ्यांदा. खोटं वाजवून एकदा पाडली होती, आता खरं वाजवून पाडणार होते.

"सारा शहर निकल गया..." कडव्याची शेवटची ओळ आली. वाटलं, वाजवूच नये. तार तुटली म्हणावं, काहीही म्हणावं. शेवटच्या शब्दावर सुरुचीने सूर लांबवला, मागे वळली आणि माझ्याकडे बघत तो तसाच धरून ठेवला. ती वाट बघत होती. मी तार छेडली.

जुळलं. कुठे शिवण दिसू नये इतकं जुळलं. प्रसाद भैयांच्या तोंडून "वाह" निघालं, निगारने काठ्या उचलल्या, आणि विपुलजींनी साउंडवाल्याला हाताने खूण केली की तिचा माइक वाढव. सुरुचीने हे काही बघितलं नाही. ती दुसऱ्या कडव्यात शिरली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, पण मी तिच्या आवाजावरून लक्ष हलू दिलं नाही. दीड वर्षात पहिल्यांदाच मी तिचं ऐकून वाजवत होते.